वाट चुकलेल्या वाचकाचा भुर्दंड

इंटरनेटवरच्या शोधाचा इतिहास बहुधा एका लांबलेल्या पाठलागाची हकीकत म्हणून सांगितला जातो. सर्च इंजिनाने नियम करायचा, वेबसाइटवाल्यांनी त्यातून पळवाट काढायची, इंजिनाने ती बुजवली की लगेच दुसरी शोधायची. घटनाक्रम म्हणून हे बरोबर आहे. पण एखादी युक्ती एका काळात भरभरून का चालली आणि काही वर्षांतच ती निकामी का झाली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. हुशार माणसे दोन्ही बाजूंना होती आणि पैसाही दोन्ही बाजूंना होता. माझ्या मते निर्णायक ठरला तो वेगळाच प्रश्न. एखाद्याने काही शोधले, निकालात वर दिसलेल्या पानावर तो गेला आणि तिथे त्याला हवे ते नव्हतेच, तर या चुकलेल्या वाटेचा भुर्दंड कोणी सोसायचा? एकट्या वाचकाने, की त्याला तिथे ओढून आणणाऱ्यानेही? १९९४ ते २०१२ या काळात या प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर पुन्हा पुन्हा बदलले आणि क्रमवारीची सारी नीती त्याच्या मागोमाग बदलत गेली. वाट चुकलेला वाचक जोवर आणणाऱ्याला फुकट पडत होता, किंवा उलट कमाई करून देत होता, तोवर फसवणूक फोफावली. त्याची किंमत आणणाऱ्याच्या खिशातून जाऊ लागली, तेव्हाच नेमक्या वाचकापर्यंत पोचण्याची विद्या आकाराला आली.

सुरुवातीच्या वर्षांत हा प्रश्न उभाच राहिला नव्हता, कारण चुकीचा वाचक आणून कोणाचाही फायदा नव्हता. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत होता तेव्हा जगातल्या वेब सर्व्हरांची यादी हाताने ठेवता येत होती. १९९३च्या अखेरीस मार्टिन कोस्टरने सुरू केलेल्या 'अलीवेब' या सूचीत तर वेबसाइटवाल्याने स्वतःच आपल्या पानांचे वर्णन लिहून द्यायचे होते. आज ही व्यवस्था भाबडी वाटते. पण विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांच्या त्या जगात पान वाचायला येणारा बहुधा त्याच विषयातला सहकारी असायचा, आणि खोटे वर्णन करून त्याला बोलावणाऱ्याच्या पदरी नाचक्कीशिवाय काही पडणार नव्हते. १९९४ साली स्टॅनफर्डमधले जेरी यांग आणि डेव्हिड फिलो हे दोन विद्यार्थी आपल्या आवडत्या वेबसाइटींची जंत्री करू लागले. तिचेच पुढे याहू झाले. तिथे माणसे पाने पाहून त्यांना योग्य विषयाखाली बसवत. चुकीचे पान चुकीच्या जागी पडले तर संपादकाची विश्वासार्हता कमी होई. भुर्दंड कोणाचा, हे स्पष्ट होते. अडचण फक्त एवढीच होती, की वेब माणसांच्या हातांपेक्षा कितीतरी वेगाने वाढत होते.

ही अडचण यंत्राने सोडवली. १९९४ साली वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन पिंकर्टनने 'वेबक्रॉलर' उभारले. ते पानाचा केवळ मथळा न घेता सगळा मजकूर सूचीत घेत असे. डिसेंबर १९९५मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 'अल्टाव्हिस्टा' खुले केले, तेव्हा त्यात सुमारे १ कोटी ६० लाख पाने शोधता येत होती. पानात शोधलेला शब्द किती वेळा आला, मथळ्यात आला का, वर आला की खाली, यांवरून क्रम ठरे. म्हणजे पानाबद्दलची साक्ष पानच देत होते. याच सुमारास वेबवर पैसा आला, आणि तो आला त्या मार्गाने पुढचे बरेच काही ठरवून टाकले. ऑक्टोबर १९९४मध्ये 'हॉटवायर्ड' या नियतकालिकाने पानावर जाहिरातीची आडवी पट्टी लावली. अशा पट्ट्यांचा दर पुढे दर हजार दर्शनांवर ठरू लागला. या हिशेबात पान उघडले की पैसे मिळत. उघडणारा समाधानी होऊन थांबला की चिडून निघून गेला, याने जमाखर्चात फरक पडत नव्हता. वाट चुकलेला वाचक आता उत्पन्नाचे साधन झाला.

मग जे झाले ते अपरिहार्य होते. पानाच्या मुख्य शब्दांची नोंद करण्यासाठी असलेल्या, वाचकाला न दिसणाऱ्या खुणेत लोक लोकप्रिय शब्दांची रांग लावू लागले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शेकडो शब्द लिहिले जाऊ लागले. यंत्राला ते दिसत, माणसाला नाही. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या पानाच्या पोटात दडवण्यापर्यंत मजल गेली. १९९९ साली ब्रुकफील्ड विरुद्ध वेस्ट कोस्ट एंटरटेनमेंट या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने या चालीचे मर्म नेमके पकडले. महामार्गावर दुसऱ्याच्या दुकानाच्या नावाची पाटी लावून गिऱ्हाइकाला आपल्या वळणावर उतरवावे, तसे हे आहे, असे न्यायालयाने म्हटले. उतरल्यावर गिऱ्हाइकाला खरे कळते, तरीही तो परत महामार्गावर जाण्याचा खटाटोप करत नाही आणि तिथेच खरेदी करतो. म्हणजे न्यायालयाने एका अदृश्य शब्दाचा विचार वाचकाच्या वाया गेलेल्या वाटेच्या अंगाने केला. पण कायदा व्यापारचिन्हापुरताच धावून येत होता. साध्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या शब्दांच्या बाबतीत वाचकाला वाली नव्हता.

सर्च इंजिने तरी त्याची बाजू का घेत नव्हती? त्यांचा धंदाही त्याच दर हजारी पट्टीवर उभा होता. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बहुतेक इंजिनांनी बातम्या, हवामान, ईमेल, शेअरभाव असे सगळे एकाच पानावर देणाऱ्या 'पोर्टल'चे रूप घेतले. वाचकाला जितका वेळ आपल्याकडे अडकवून ठेवता येईल तितके चांगले, हा त्यांचा हिशेब होता; चांगला शोध मात्र वाचकाला दुसरीकडे पाठवून देतो. शोध सुधारण्यात त्यांना तातडी वाटावी असे काही नव्हते. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात या काळाचे एक बोलके निरीक्षण नोंदवले आहे. नोव्हेंबर १९९७मध्ये पहिल्या चार व्यापारी सर्च इंजिनांपैकी फक्त एकालाच स्वतःच्या नावाने शोधल्यावर पहिल्या दहा निकालांत स्वतःचे पान सापडत होते. तंत्रज्ञान अपुरे होते, हे त्याचे एक कारण. पण ज्याच्या उणिवेने मालकाचे उत्पन्न घटत नाही ते तंत्रज्ञान अपुरेच राहते, हे तितकेच महत्त्वाचे कारण होते.

हे कोडे पहिल्यांदा व्यापाराच्या अंगाने सोडवले ते बिल ग्रॉस यांनी. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या 'आयडियालॅब'मधून १९९८ साली त्यांनी 'गोटू डॉट कॉम' सुरू केले. तिथे क्रमवारी उघड लिलावाने ठरे. एखाद्या शब्दासाठी दर क्लिकमागे जो जास्त देईल तो वर. बोली एका सेंटपासून सुरू होई आणि कोण किती देतो हे निकालाशेजारी वाचकालाही दिसे. अनेकांना हे घृणास्पद वाटले, कारण ज्ञानाची क्रमवारी पैशाने विकली जात होती. पण त्यातला विचार खोल होता. पट्टीच्या जाहिरातीत चुकीचा वाचक पैसे आणत होता. इथे तो पैसे खात होता. घड्याळे विकणाऱ्याने भरघोस गर्दीचा पण असंबद्ध शब्द विकत घेतला, तर काही न घेता परत जाणाऱ्या प्रत्येकाचे पैसे त्याला मोजावे लागत. तेव्हा त्याने आपण होऊनच मोठ्या, ढोबळ शब्दांवरून लहान, नेमक्या शब्दांकडे वळणे शहाणपणाचे होते. 'घड्याळ'पेक्षा 'जुने मनगटी घड्याळ दुरुस्ती' असे शोधणारे थोडेच असतात, पण त्यांना काय हवे आहे ते त्यांना ठाऊक असते. गर्दी आणि योग्य गिऱ्हाईक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला उपदेशाने पटले नव्हते; ते बिलाने पटवले.

गोटूची पद्धत जशीच्या तशी टिकणारी नव्हती. त्यात दोष दोन होते. एक, विकत घेतलेला निकाल आणि निरपेक्ष निकाल यांतला फरक वाचकाला कळायला हवा. गोटू आपल्या पानावर बोली दाखवत असले, तरी अशा सशुल्क जागा इतर इंजिनांवर नीट खूण न करता दिसत होत्या. या प्रकाराविरुद्ध 'कमर्शियल अलर्ट' या संस्थेने तक्रार केली आणि जून २००२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सर्च इंजिनांना पत्र लिहून सशुल्क निकाल स्पष्ट वेगळे दाखवण्यास सांगितले. दुसरा दोष हिशेबातलाच होता. ज्याच्याजवळ उधळायला पैसा आहे तो असंबद्ध जाहिरातही वर ठेवू शकत होता. फेब्रुवारी २००२मध्ये गूगलने आपल्या जाहिरातींची पद्धत बदलली. बोलीच्या जोडीला जाहिरातीवर प्रत्यक्षात किती जण क्लिक करतात हेही क्रम ठरवताना धरले जाऊ लागले. ज्या जाहिरातीकडे शोधणारे पाठ फिरवतात, तिला त्याच जागेसाठी जास्त मोजावे लागे. असंबद्धतेवर जणू कर बसला. गोटूचे तोवर 'ओव्हरचर' झाले होते. त्याने पेटंटभंगाचा दावा लावला, २००३मध्ये याहूने सुमारे १६३ कोटी डॉलरना ओव्हरचर घेतले आणि २००४मध्ये गूगलने २७ लाख शेअर देऊन तडजोड केली. चुकीच्या वाचकाला किंमत लावण्याची कल्पना केवढ्या मोलाची होती, ते या आकड्यांवरून दिसते.

सशुल्क निकालांची गोष्ट इथे मार्गी लागली, तरी मूळ क्रमवारीचे काय? तिथे पैसे घ्यायचे नव्हते. पेज आणि ब्रिन यांनी पानाची साक्ष पानाकडून न घेता इतर पानांकडून घेतली. कोणते पान वाचनीय आहे हे त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांवरून ठरवायचे, आणि लिंक देणारे पान स्वतः जितके मान्यवर तितके तिचे वजन जास्त. कल्पनेचे मूळ संशोधनाच्या जगात होते. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडलेल्या विचारातून शोधनिबंधांच्या संदर्भांची सूची उभी राहिली होती, आणि कोणाचे काम किती जणांनी आधाराला घेतले यावरून त्याचे वजन पाहण्याची रीत तिच्यामुळे रुळली होती. 'पेजरँक'च्या यशाचे श्रेय बहुधा गणिताला दिले जाते. गणित सुंदर होतेच, पण ते यशस्वी झाले त्यामागे एक सामाजिक वस्तुस्थिती होती. १९९८ साली लिंक देणारा माणूस आपल्याच वाचकाला दुसरीकडे पाठवत होता. त्याने भिकार पानाकडे बोट दाखवले तर नाव त्याचे जाणार होते. वाट चुकलेल्या वाचकाचा भुर्दंड साक्ष देणाऱ्यावरच होता. म्हणून ती साक्ष खरी होती.

हा आधार कसा निखळला, ते पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०००मध्ये गूगलने ब्राउझरला जोडायची एक पट्टी दिली. तीत प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा या मोजपट्टीवर दिसत असे. हेतू वाचकाच्या सोयीचा होता, पण त्या क्षणी लिंकेला जाहीर भाव मिळाला. आठ गुणांच्या पानावरची लिंक विकली जाऊ लागली. विकत घेतलेली लिंक वाचकाने वापरावी अशी कोणाची अपेक्षाही नसे. ती पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, विषयाशी संबंध नसलेल्या इतर लिंकांच्या गर्दीत असे. साक्ष देणाऱ्याचा एकही वाचक तिथे जाणार नव्हता, म्हणून साक्ष देणाऱ्याचे काही पणाला लागत नव्हते. २००२ साली अशा लिंकांचा व्यापार करणाऱ्या ओक्लाहोमातल्या 'सर्चकिंग' या कंपनीचे मूल्यांकन गूगलने घटवले आणि कंपनी न्यायालयात गेली. मे २००३मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयाने दावा फेटाळला. पेजरँक हे गूगलचे मत आहे आणि मतस्वातंत्र्याला संविधानाचे संरक्षण आहे, असा निकाल लागला. हा निकाल एका अर्थी योग्य होता, कारण खोट्या साक्षीला दाद मिळाली नाही. पण त्याच निकालाने क्रमवारी लावणाऱ्यावर जवळजवळ कोणताही भुर्दंड ठेवला नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

याच सुमारास एका अभ्यासकाने योग्य वाचक म्हणजे कोण याची सर्वांत स्वच्छ मांडणी केली. आंद्रेई ब्रॉडर यांनी पूर्वी अल्टाव्हिस्टात काम केले होते. २००२ साली त्यांनी शोधांचे तीन प्रकार दाखवले: माहीत असलेल्या ठिकाणी पोचण्यासाठी केलेला शोध, काही जाणून घेण्यासाठी केलेला शोध, आणि खरेदी किंवा तसे एखादे काम उरकण्यासाठी केलेला शोध. एकाच शब्दामागे तीन वेगळी माणसे असू शकतात. कॅमेऱ्याचे नाव शोधणाऱ्याला कंपनीची वेबसाइट हवी असेल, परीक्षण हवे असेल किंवा दुकान हवे असेल. तिघांनाही एकाच पानावर ओढून आणले, तर त्यांतल्या दोघांची वाट चुकलीच. वेबसाइटवाल्याला वर कसे यायचे हे शिकवणारे शेकडो सल्लागार त्या काळी होते. कोणासाठी वर यायचे, हा आधीचा प्रश्न ब्रॉडर यांच्या मांडणीमुळे समोर आला. पण तो मनावर घ्यायला व्यवहारातली परिस्थिती मात्र उलट दिशेने चालली होती.

जून २००३मध्ये गूगलने 'अ‍ॅडसेन्स' सर्वांना खुले केले. कोणत्याही वेबसाइटवाल्याने आपल्या पानावर गूगलच्या जाहिराती लावायच्या आणि त्यांवरच्या क्लिकचा वाटा घ्यायचा. लहान लेखक-प्रकाशकांसाठी हे वरदान होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण या योजनेने जुना हिशेब नव्या रूपात परत आणला. पानावर उत्तर नसेल आणि भोवती त्याच विषयाच्या जाहिराती असतील, तर अडलेला वाचक जाहिरातीवरच क्लिक करण्याची शक्यता जास्त. असमाधानाचेच आता पैसे होऊ लागले. २००६ साली स्थापन झालेल्या 'डिमांड मीडिया'ने या तत्त्वावर मोठा कारखाना उभारला. लोक काय शोधतात आणि त्या शब्दांना जाहिरातीचा भाव काय, हे संगणक पाही. त्यावरून मथळे निघत आणि स्वतंत्र लेखक साधारण १५ डॉलरना एक लेख लिहून देत. त्या लेखकांना दोष देणे बरोबर नाही. त्या दरात अभ्यास करून लिहायला वेळ मिळत नाही. जानेवारी २०११मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिचे बाजारमूल्य न्यू यॉर्क टाइम्स कंपनीच्याही वर गेले. दीडशे वर्षे बातमीदारी केलेल्या संस्थेपेक्षा शोधशब्दांवर बेतलेला मजकूर महाग ठरला. त्या वेळच्या हिशेबात ते तर्कशुद्धच होते.

या दोन धक्क्यांना, म्हणजे विकत घेतलेल्या साक्षीला आणि पोकळ मजकुराला, पाठोपाठ उत्तरे आली. फेब्रुवारी २०११मध्ये गूगलने पुढे 'पांडा' म्हणून ओळखला गेलेला बदल केला, अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाल्याचे कंपनीने सांगितले. नाव नवनीत पांडा या अभियंत्याचे, आणि शोधविभागाची धुरा होती झाशीत जन्मलेल्या अमित सिंघल यांच्याकडे. पाने पाहणाऱ्या माणसांना साधे प्रश्न विचारून या बदलाची पायाभरणी केली होती: या पानावरच्या माहितीवर तुम्ही विश्वास ठेवाल का, इथे आपल्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्याल का? त्यांच्या उत्तरांशी जुळतील अशी लक्षणे यंत्राने शोधायची होती. महत्त्वाचे म्हणजे सुमार पानांचे ओझे पूर्ण वेबसाइटवर पडू लागले. निराश वाचक गोळा करणारी हजार पाने असतील तर चांगली शंभर पानेही खाली जाणार होती. एप्रिल २०१२मध्ये 'पेंग्विन'ने हेच लिंकांच्या बाबतीत केले. बनावट लिंका आता नुसत्या निरुपयोगी राहिल्या नाहीत, त्या अंगलट येऊ लागल्या. भुर्दंड पुन्हा एकदा आणणाऱ्याच्या माथी आला, आणि मग 'वाचकाला काय हवे आहे' ही भाषा सल्लागारांच्या तोंडी मोठ्या प्रमाणावर रुळली.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल, की मोठ्यांना भुर्दंड बसला तरी तो नाममात्र होता. आक्षेपात दम आहे. जर्मनीतली बीएमडब्ल्यूची वेबसाइट फेब्रुवारी २००६मध्ये यंत्राला एक आणि माणसाला दुसरे पान दाखवल्यामुळे सूचीतून काढली गेली, पण काही दिवसांतच परत आली. फेब्रुवारी २०११मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने उघड केले, की जेसी पेनी ही दुकानांची साखळी ऐन नाताळच्या खरेदीच्या महिन्यांत कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत असंख्य शब्दांना पहिली येत होती आणि तिच्याकडे येणाऱ्या हजारो लिंका विषयाशी संबंध नसलेल्या पानांवर पेरलेल्या होत्या. कंपनीने आपल्याला याची कल्पना नसल्याचे सांगितले आणि सल्लागार संस्थेशी संबंध तोडले. गूगलने क्रम खाली आणला, पण तोवर हंगाम उरकला होता. याउलट नोव्हेंबर २००३च्या 'फ्लोरिडा' या बदलाने कितीतरी लहान दुकाने नाताळच्या तोंडावर एका रात्रीत निकालांतून गायब झाली, आणि त्यांतली सगळीच काही लबाड नव्हती. म्हणून भुर्दंड आणणाऱ्यावर असावा एवढे पुरत नाही. तो चुकीएवढाच असावा, आणि चूक कोणती हे त्याला कळावे, असेही म्हणावे लागते. पण हे आक्षेप तत्त्वाला धक्का देत नाहीत, त्याच्या अर्धवट अंमलबजावणीवर बोट ठेवतात. नाताळातली कमाई पदरात पाडून घेता आली ती शिक्षा उशिरा झाल्यामुळे; वाट चुकलेल्या प्रत्येक वाचकाचा हिशेब त्याच क्षणी झाला असता तर हा डाव परवडला नसता.

दुसरा आक्षेप सज्जनांचा आहे. चांगले लिहावे, वाचक आपोआप येतील. क्रमवारीच्या तंत्रामागे लागणेच मुळात लबाडीचे, असे पुष्कळांना वाटते. याला उत्तर मराठीच्याच अनुभवात आहे. वेबवर मराठी मजकूर सुरुवातीची बरीच वर्षे वेगवेगळ्या खासगी फॉन्टांत छापला जात होता. देवनागरी अक्षरांची चित्रे त्यांत रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट असे त्याला मराठी दिसे. सर्च इंजिनाला मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची माळ दिसे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून होती, पण ती घरोघरच्या संगणकांवर आणि वृत्तपत्रांच्या वेबसाइटींवर रुळायला पुढचे दशक उलटावे लागले. मधल्या काळातले कितीतरी उत्तम मराठी लेखन शोधणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. त्यात लेखकांची गुणवत्ता कमी नव्हती, वाचकांची आस्थाही कमी नव्हती. दोघांना जोडणारे तंत्र नव्हते. आपले पान यंत्राला वाचता यावे, मथळ्यात विषय स्पष्ट असावा, वाचक ज्या शब्दांनी विचारतो ते शब्द मजकुरात असावेत, यात लबाडी नाही. लबाडी सुरू होते ती पानात नसलेल्या गोष्टीची हमी मथळ्याने दिली की. योग्य वाचक हुकला तर तोही वाट चुकलेलाच असतो, आणि त्याचे नुकसान भाषेलाही सोसावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो माझ्याच तर्कातून निघतो. वेबसाइटवाले, जाहिरातदार, लिंक देणारे या सगळ्यांवर भुर्दंड बसवणारे सर्च इंजिन स्वतः मात्र त्यातून सुटते का? पेज आणि ब्रिन यांनी विद्यार्थिदशेत, १९९८च्या त्याच निबंधाच्या पुरवणीत लिहिले होते, की जाहिरातींवर चालणारे सर्च इंजिन स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि वाचकांच्या गरजांपासून दूर जाईल. सर्चकिंगच्या निकालाने क्रमवारीला मत ठरवले. मत चुकले तरी ते देणाऱ्याला तोशीस पडत नाही, कारण शोधणाऱ्याला जायला दुसरी जागा जवळजवळ उरली नव्हती. २७ जून २०१७ रोजी युरोपीय आयोगाने गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. गूगलने खरेदीच्या किमतींची तुलना करणारी आपली सेवा वर ठेवली होती, आणि प्रतिस्पर्ध्यांतली सर्वांत वरची सेवासुद्धा सरासरी चौथ्या पानावर गेली होती. डेस्कटॉपवर पहिल्या पानावरच्या दहा निकालांना साधारण ९५ टक्के क्लिक मिळतात, असे आयोगाने नोंदवले. म्हणजे चौथे पान हे नसल्यातच जमा. सप्टेंबर २०२४मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने हा दंड कायम केला, आणि त्याआधी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या संघराज्य न्यायालयाने गूगलने शोधातली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली असा निर्णय दिला. मधल्या वर्षांत गूगलचे शोधकाम सुधारले नाही असे कोणी म्हणणार नाही. पण जिथे स्पर्धा उरत नाही तिथे वाचक भरकटल्याचा हिशेब मालकाकडे पोचत नाही, आणि मग तो हिशेब कायद्याला मांडावा लागतो.

हा इतिहास आज सांगण्याला कारण आहे. आता शोधाच्या पानावरच यंत्राने जुळवलेले तयार उत्तर मिळू लागले आहे. वाचक मूळ पानापर्यंत जाईलच असे नाही. क्रमवारीच्या युक्त्या बदलतील, नव्या सल्लागारांच्या नव्या शब्दावली येतील. पण नवी व्यवस्था पारखायला नवी कसोटी लागणार नाही. उत्तर चुकले तर ते देणाऱ्याचे काय जाते, ज्यांच्या मजकुरावर ते उभे राहिले त्यांना काय मिळते, आणि भरकटलेल्या माणसाला दाद मागायला कोणते दार आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. दर हजारी पट्टीच्या काळात त्यांची उत्तरे वाईट होती, म्हणून शोध नासला. दर क्लिकच्या लिलावात आणि लिंकांच्या सुरुवातीच्या वर्षांत ती बरी होती, म्हणून शोध सुधारला. माणसे त्या दोन्ही काळांत तितकीच चांगली आणि तितकीच वाईट होती. वेबवर लिहिणाऱ्या, विकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने यातून एवढे घ्यावे, की किती जण आले या आकड्यापेक्षा आलेल्यांपैकी किती जणांचे काम झाले हा आकडा खरा आहे. आणि समाज म्हणून आपण एवढा आग्रह धरावा, की जो वाट दाखवण्याचे पैसे घेतो त्याने वाट चुकवल्याचा भुर्दंडही भरावा. गावातल्या दुकानदाराला जो न्याय लागतो, तोच जगातल्या सर्वांत मोठ्या सर्च इंजिनालाही लागला पाहिजे.